शर्यतीच्या पुराणकथा आणि गावचे ग्रंथालय

छत्रपती संभाजीनगर शहरातून अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर हर्सूल लागते. खाम नदीवरील तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि हरसिद्धी मातेचे मंदिर यांमुळे हे नाव जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले असले, तरी नवरात्रात देवीच्या दर्शनासाठी शहरातील आणि पंचक्रोशीतील भाविक सारख्याच ओढीने येतात. चंड आणि प्रचंड या दैत्यांचा देवीने हराच्या इच्छेवरून वध केला, म्हणून ती हरसिद्धी झाली, अशी कथा स्कंदपुराणात उज्जयिनीच्या क्षेत्रासंबंधी आली आहे. देवीचे नाव सर्वांच्या ओठी आहे; परंतु तिची कथा कोणत्या ग्रंथात आहे, हे सांगू शकणारे मोजकेच भेटतील.

हीच स्थिती जत्रेतील शर्यतींची आहे. पुणे परिसरात बैलगाडा शर्यत, तर विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्याच्या भागात शंकरपट या नावाने बैलांच्या शर्यती ओळखल्या जातात. त्यांच्याविषयी बोलताना ‘ही परंपरा पुराणकाळापासूनची आहे’ हे वाक्य ग्रामसभेपासून न्यायालयापर्यंत ऐकू येते. शर्यत प्राचीन आहे यात शंका नाही. तथापि, प्राचीन ग्रंथांनी शर्यतीविषयी नेमके काय सांगितले आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

वैदिक वाङ्मयातील शर्यती

शर्यतीला वैदिक भाषेत ‘आजि’ असा शब्द आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ वे सूक्त मुद्गल ऋषीच्या नावाशी निगडित आहे. यास्काच्या निरुक्तानुसार मुद्गलाने एक बैल आणि एक लाकडी घण रथाला जोडून आजि जिंकली. सूक्तात या रथाचे सारथ्य मुद्गलानी या स्त्रीकडे आहे. सूक्ताच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही बैलाच्या बळावर जिंकलेल्या आजीची ही अतिप्राचीन स्मृती बैलपोळा साजरा करणाऱ्या महाराष्ट्राला जवळची वाटावी, अशी आहे.

वाजपेय यज्ञात तर रथांची शर्यत हा विधीचाच भाग असे. १७ रथ धावत, अंतरही १७ बाणांच्या टप्प्यांनी मोजले जाई आणि विजय यजमानाचाच ठरलेला असे. या विधीत घोड्यांना नीवाराच्या, म्हणजे देवभाताच्या, चरूचा वास देण्याची प्रथा होती. देवतेला अर्पण करावयाच्या अन्नाशी धावणाऱ्या जनावराचाही असा संबंध जोडलेला होता.

सर्वांत बोलकी कथा ऐतरेय ब्राह्मणातील आहे. प्रजापतीने आपली कन्या सूर्या हिचा सोमाशी विवाह ठरविला. त्या प्रसंगीच्या सहस्र ऋचांच्या स्तोत्रावर कोणाचा अधिकार, याविषयी देवांचे एकमत होईना. तेव्हा गार्हपत्य अग्नीपासून आदित्यापर्यंत शर्यत ठरली. अग्नी खेचरांच्या रथाने, उषा तांबूस गाईंच्या, इंद्र घोड्यांच्या आणि अश्विनीकुमार गाढवांच्या रथाने धावले. अश्विनीकुमार जिंकले. परंतु कथा विजयापाशी थांबत नाही. अग्नीने हाकताना खेचरांचा गर्भाशय जाळला, म्हणून त्यांना पिल्ले होत नाहीत. गाढवाचा वेग सरला आणि गाढविणीचे दूध आटले, असे ग्रंथ सांगतो. प्राण्यांच्या स्वभावाची ही कारणे शास्त्रीय नाहीत, हे उघड आहे. मात्र शर्यतीची किंमत जनावराला मोजावी लागते, ही जाणीव त्या काळच्या कथाकारालाही होती, हे त्यावरून दिसते.

सारथ्याची विद्या

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान महाराष्ट्राला विशेष आपले आहे, कारण त्याचा उत्तरार्ध विदर्भातील कुंडिनपुरी घडतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण राजाला अयोध्येहून एका दिवसात तेथे पोहोचावयाचे होते. बाहुक या नावाने राहणाऱ्या नलाने दिसण्यास कृश, पण जातिवंत घोडे निवडले. राजाला शंका आली, तरी नल निवडीवर ठाम राहिला. राजा रथात चढताच घोडे गुडघ्यांवर आले, तेव्हा नलाने आधी त्यांना शांत केले आणि मगच लगाम हाती घेतले. त्याच्या या विद्येला ग्रंथात ‘अश्वहृदय’ म्हटले आहे. या नावातच जनावराचे मन जाणण्याचा अर्थ आहे.

शिवपुराणातील गणेश आणि कार्तिकेय यांची पृथ्वीप्रदक्षिणेची स्पर्धा घराघरांत ठाऊक आहे. तेथे वेग हरतो आणि विवेक जिंकतो. ग्रीकांच्या इलियड महाकाव्यातही रथशर्यतीचा मोठा प्रसंग आहे. अरुंद वाटेवर रथ पुढे दामटून अँटिलोकसने मेनेलाउसला मागे टाकले. मेनेलाउसने आक्षेप घेताच त्याने बक्षिसाची घोडी देऊ केली. जिंकणे न्यायाने झाले पाहिजे, हा आग्रह दोन्ही संस्कृतींत आढळतो.

कायदा आणि परंपरा

हा विषय केवळ पांडित्याचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय अधिनियमात राज्यापुरती सुधारणा केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची सुधारणा वैध ठरविली. एखादा खेळ परंपरेचा भाग आहे की नाही, याबाबत पीठाने विधिमंडळाचे मत मान्य केले. त्याच वेळी नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर ठेवली.

परंपरेला कायद्याने मान्यता मिळाली, ती जनावराच्या वेदना कमी करणाऱ्या नियमांच्या आधारावर. ज्या ग्रंथांचा दाखला परंपरेसाठी दिला जातो, त्यांतही जनावराची चिंता आहे, हे गावकऱ्यांना सांगता आले, तर पराणी बाजूला ठेवण्याचा नियम बाहेरून लादलेला वाटणार नाही.

दोन कपाटे

अडचण अशी की, ही सामग्री एकत्र सापडत नाही. दशांश वर्गीकरणात हिंदू धर्म व पुराणे २९४.५ या क्रमांकाखाली, मैदानी खेळ ७९६ खाली, तर प्राण्यांच्या शर्यती ७९८ खाली येतात. पुराणे वाचणारा ज्येष्ठ वाचक आणि खेळाचे पुस्तक मागणारा तरुण यांची गाठ ग्रंथालयातही पडत नाही. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडणारे आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये अ, ब, क आणि ड वर्गांतील ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश, पं. महादेवशास्त्री जोशी यांनी संपादिलेला भारतीय संस्कृतिकोश आणि द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादिलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश ही संदर्भसाधने मराठीतच आहेत. मराठी विश्वकोश तर संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

जत्रेच्या आठवड्यात ग्रंथपालांनी या दोन्ही कपाटांतील पुस्तके एका मेजावर मांडावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून सूर्येच्या विवाहाची किंवा नलाच्या सारथ्याची कथा वाचून घ्यावी. पंचायत सदस्यांनी शर्यतीचे नियम त्याच मेजावर ठेवावेत आणि परवानगीचा अर्ज करण्यापूर्वी आयोजकांनी ते वाचावेत, असा आग्रह धरावा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन नवरात्राच्या आसपासच येतो. हर्सूलसारख्या देवीच्या ठिकाणी आणि भोवतालच्या खेड्यांत या उपक्रमाला त्याहून योग्य वेळ मिळणार नाही. त्यासाठी नव्या निधीची वाट पाहावी लागत नाही. कपाटाची किल्ली हाताशी असली म्हणजे पुरे.