बीपी चांगलं, मग झोप का लागेना?

गेल्या पावसाळ्यात एकच भाऊ आमच्याकडे एका आठवड्यात तीनदा बीपी बघायला आला. शिवाजी पेठेत आमची दोन खोल्यांची जागा आहे. नर्सची नोकरी सोडली तरी बीपीचं यंत्र काही सुटलेलं नाही, त्यामुळे संध्याकाळी आसपासच्या वस्त्यांतली माणसं येत राहतात. बायका येतात त्या बोलतच येतात. पुरुष गर्दी ओसरल्यावर येतात आणि दारातूनच म्हणतात, "जयभीम ताई, जरा बीपी बघता का?" हा भाऊ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील आम्ही बदलले आहेत.) तिन्ही वेळा आकडा १२४/८२ च्या आसपास. तिसऱ्या वेळी आम्ही म्हणालो, "दादा, बीपी एकदम चांगलं आहे." तर त्याचा चेहराच पडला. बीपी वाढलेलं निघालं असतं तर बरं, असा. मग हळूच म्हणाला, "मग झोप का लागंना?"

घराच्या कर्जाचा हप्ता, बायकोच्या गटाचा हप्ता, कारखान्यात पाळ्या कमी झालेल्या. हे सगळं त्यानं पाच मिनिटांत सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाऊन या म्हटलं तर ताडकन उठला. "मी येडा हाय व्हय?"

त्याचं चुकलं असं आम्हाला वाटलं नाही. आम्ही नोकरीत असताना एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस मोठ्यानं ओरडायचा, "मेंटलवाले तिकडं थांबा!" सगळा व्हरांडा वळून बघायचा. रांगेतून निघून गेलेले पुरुष आम्ही डोळ्यांनी बघितलेत. बाई निदान कुणाला तरी सोबत घेऊन आलेली असायची. पुरुष एकटा आलेला असायचा, आणि एकटाच परत जायचा. तेव्हा आम्हीही काही बोललो नाही, ते आजही टोचतं.

या गप्प राहण्याची किंमत आकड्यांत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातले सुमारे ७२ टक्के पुरुष होते. दर चारांत एकापेक्षा जास्त माणसं रोजंदारीवर काम करणारी, म्हणजे आपल्याच घरातली. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, २२,७४६. याचा अर्थ बायकांना दुःख कमी आहे असा नव्हे. बाई नळावर, गटात, बहिणीपाशी थोडं तरी बोलते. पुरुषाला कट्टा असतो, तालीम असते, फुटबॉलच्या मॅचला शे-दोनशे ओळखीचे असतात, आणि 'मला रात्री रडू येतं' हे सांगायला त्यातला एकही चालत नाही.

त्या भावाला आम्ही एक नंबर लिहून दिला, १४४१६. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली, आणि तिचं मुख्य काम बेंगळुरूची निम्हान्स संस्था बघते. फोनला पैसे पडत नाहीत. दिवसरात्र चालू असतो. लावल्यावर भाषा विचारतात, मराठी निवडायची. आधी समुपदेशक बोलतो, म्हणजे ऐकून घ्यायचं शिक्षण घेतलेला माणूस. गरज वाटली तर तो पुढे मानसोपचार डॉक्टरशी जोडून देतो, किंवा जवळचा सरकारी दवाखाना सांगतो. देशभरातून या नंबरवर वीस लाखांहून जास्त फोन गेलेले आहेत. म्हणजे फोन लावणारा कुणी जगावेगळा नाही.

चिठ्ठी त्यानं खिशात घातली. लावणार नाही असं आम्हाला वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी आला तो एकदम वेगळ्या सुरात. घरात एकच खोली, बोलणार कुठं? म्हणून रात्री दहाला जेवून रंकाळ्यावर गेला, कठड्यावर बसला आणि फोन लावला. पलीकडून आवाज आला तसा कट केला. दुसऱ्या दिवशी लावला आणि बीपीचं विचारलं! तिसऱ्या खेपेला पंचवीस मिनिटं बोलला. "तोंड दिसत न्हाई न्हवं, मग बोलाय येतंय," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "नाव इचारलं ताई, आडनाव न्हाई इचारलं."

हे शेवटचं वाक्य आम्ही कितीदा तरी मनात घोळवलं. आपल्या माणसाला दवाखान्यात, बँकेत, भाड्याची खोली बघताना आधी आडनावाची परीक्षा द्यावी लागते. कारखान्यात सुपरवायझर टोमणा मारतो तो कशावरून, हे त्याला कळतं, पण सिद्ध करता येत नाही. अशा माणसानं अनोळखी डॉक्टरपुढे बसून मन उघडावं, हे सांगायला सोपं आहे. फोनवर तो आधी आवाज तपासून घेऊ शकतो. नाव सांगायचं नसेल तर तसं म्हणू शकतो. पटलं नाही तर फोन ठेवू शकतो. दिवसाची हजेरी बुडत नाही. पुरुषाला मदत मागताना सगळ्यात जड जातं ते 'कुणी बघेल' हे, आणि ते ओझं इथं उतरतं.

लंडनमध्ये १९५३ साली चॅड वाराह नावाच्या एका पाद्र्यानं जीव द्यायच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. प्रत्यक्ष भेटायलाही माणसं यायची. त्याला भेटेपर्यंत बाहेर थांबायची, तिथं साधे स्वयंसेवक त्यांना चहा द्यायचे आणि ऐकून घ्यायचे. त्याच्या लक्षात आलं की बरीच माणसं तेवढ्यानंच हलकी होऊन जातात. त्यातून पुढे सॅमॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. औषधाच्या आधी कान लागतो, हे नर्सला वेगळं शिकवावं लागत नाही.

तरुण पोरांची तऱ्हा आणखी वेगळी. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाला फोनवर बोलणंसुद्धा जमेना. त्याला आम्ही मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'आयकॉल'बद्दल सांगितलं. २०१२ पासून चालणाऱ्या या सेवेत फोनबरोबर ईमेलवरही समुपदेशन मिळतं, तेही मोफत. शेजारी भाऊ झोपलेला असताना त्यानं रात्री मोबाईलवर लिहून काढलं. चार ओळी लिहीन म्हणाला होता, दोन पानं झाली. बोललेलं माघारी घेता येत नाही, लिहिलेलं पुसता येतं, म्हणून त्याला बरं वाटलं असावं.

आता अडचणीही सांगतो. परत फोन लावला तर आधीचाच माणूस मिळेल असं नाही, मग सगळी कहाणी पहिल्यापासून. कधी थांबावं लागतं. मोबाईलवर समुपदेशनाची खासगी ॲप पुष्कळ आहेत, त्यातली बरीच पैसे घेतात. आधी दर विचारा, आणि बोलणाऱ्याचं शिक्षण काय तेही विचारा. कानात आवाज येत असतील, माणूस दिवसेंदिवस जेवत-झोपत नसेल, तर नुसत्या फोनवर भागणार नाही, सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात न्यायलाच हवं. जीव द्यायची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि धोका समोर दिसत असेल तर ११२ ला फोन करा. 'असं काही बोललास तर पोलिस धरतील' अशी भीती मात्र घालू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. याच कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्कही दिलाय.

आणखी एक. घरात बायकोला मारणारा 'मला टेन्शन आहे' म्हणत असेल, तर टेन्शनसाठी त्यानं १४४१६ लावावा आणि माराबद्दल तिनं १८१ लावावा. एकानं दुसरं माफ होत नाही.

त्या भावाच्या घरी मधल्या काळात भलतंच झालं. त्याची बायको आमच्याकडे डोळे पुसत आली. "ताई, रोज रात्री धाला फोन घिऊन भाईर जातंय. कुणासंगट बोलतंय देव जाणं." आम्हाला सगळं माहीत, आणि सांगता येत नाही! त्यानं विश्वासानं सांगितलेलं आम्ही कसं फोडणार? "त्यालाच विचारा, पण भांडून नको, जेवण झाल्यावर," एवढंच म्हणालो. तिनं विचारलं. त्यानं मोबाईल तिच्या हातात दिला. यादीत १४४१६, १४४१६. तिला वाटलं कर्जवाल्या कंपनीचा नंबर. मग त्यानं सांगितलं. त्या रात्री दोघं बराच वेळ बसली होती, असं तिनंच नंतर सांगितलं. आता तो बोलत असला की ती पोरांना घेऊन शेजारी जाते, पावसात रंकाळ्यावर जायची गरज उरलेली नाही. घरच्यांनी करायचं ते एवढंच असतं, अर्ध्या तासाची जागा करून द्यायची आणि 'काय बोलला' विचारायचं नाही.

फोनवरच्या डॉक्टरच्या सल्ल्यानं तो पुढे सीपीआरलाही गेला. जो माणूस 'मी येडा हाय व्हय' म्हणून उठला होता, तो रांगेत तासभर उभा राहिला. गोळ्या चालू आहेत, कर्ज फिटलेलं नाही, झोप पाच तासांवर आली आहे.

परवा तो परत दारात आला. बरोबर फौंड्रीतला दुसरा एक जण, मान खाली घातलेला.

"ताई, ह्याचं बी जरा बीपी बघा."