तोडलेल्या शोभिवंत पानांचे वार्धक्य

पुष्पगुच्छात व पुष्परचनेत फुलांच्या जोडीला वापरण्यासाठी देठासह तोडलेली पाने पाण्यात ठेवली, तरी काही काळाने पिवळी पडतात. हा बदल म्हणजे केवळ कोमेजणे नव्हे. कोमेजण्याचे कारण पाण्याची कमतरता हे असते. वार्धक्य ही मात्र कोशिकांनीच घडवून आणलेली क्रमबद्ध क्रिया असून तिच्या नियंत्रणात हॉर्मोनांचा मोठा वाटा असतो. तीत हरितद्रव्य व प्रथिने यांचे विघटन होते आणि हरितद्रव्याने झाकलेली कॅरोटिनॉइडे उघडी पडून पान पिवळे दिसते. झाडावरील पानातील प्रथिनांपासून सुटणारा नायट्रोजन कोवळ्या भागांकडे व बियांकडे जातो. तोडलेल्या पानाला ही वाट उरत नसल्याने झाडाच्या दृष्टीने काटकसरीची असलेली ही क्रिया तेथे निष्फळ ठरते.

सायटोकायनिने ही वार्धक्य लांबविणारी प्रमुख हॉर्मोने होत. ती बव्हंशी मुळांच्या टोकांत तयार होऊन पाण्याबरोबर पानांत पोहोचतात. पान तोडताच हा पुरवठा खुंटतो. देठाला मुळे फुटल्यास मात्र ते दीर्घकाळ हिरवे राहते. मुळांतील एखादे हॉर्मोन पानातील प्रथिनांचे नियमन करीत असावे, असे ए. सी. चिबनल यांनी १९३९ मध्ये सुचविले होते. १९५५ मध्ये कायनेटिनाचा शोध लागला व १९५७ मध्ये रिचमंड आणि लँग यांनी शंकेश्वराच्या (झँथियम) तोडलेल्या पानांत कायनेटिनामुळे प्रथिने अधिक काळ टिकतात, असे दाखविले.

सर्व जातींना एकच हॉर्मोन मानवत नाही. ॲल्स्ट्रोमेरियाची पाने पुष्कळदा फुलांआधी पिवळी पडतात. ती जिबरेलिनाने हिरवी राहतात. झँटेडेशियाच्या (कॅला लिली) पानांवरही जिबरेलिक अम्ल विशेष गुणकारी ठरले आहे. याउलट ॲबसिसिक अम्ल व एथिलीन वार्धक्याला वेग देतात. मात्र एथिलिनाविषयीची संवेदनशीलता जातीनुसार पुष्कळच भिन्न असते.

व्यवहारात पाने तोडल्यानंतर लवकरच त्यांचे देठ हॉर्मोनाच्या विरल द्रावणात काही तास ठेवतात किंवा पाने त्यात बुडवून काढतात. फुले टिकविण्यासाठी वापरण्यात येणारे साखरयुक्त द्रावण पानांना उपकारक ठरतेच असे नाही. हॉर्मोनामुळे पिवळेपणा लांबतो. पूर्ण पिवळे पडलेले पान तोडलेल्या अवस्थेत सहसा पुन्हा हिरवे होत नाही. म्हणून उपचार पान हिरवे असतानाच करावा लागतो.