थंडीतली मुंबई आणि बसून घेतलेली कॉफी

पौष-माघात लांज्याचा माणूस जरा मोकळा असतो. भात केव्हाच झोडून झालेले असते, आंब्याला मोहोर धरलेला असतो आणि काजूला अजून अवकाश असतो. अशा दिवसांत आडवलीला किंवा विलवड्याला गाडी धरावी, नाहीतर रात्रीच्या एस.टी.ने निघावे, आणि तीन-चार दिवस मुंबईस भाच्या-पुतण्याकडे राहून यावे, ही रीत आमच्याकडे बरीच रुळली आहे. परत आलेल्यास "काय पाहिलेत?" म्हणून विचारले तर तो राणीची बाग सांगतो, सिद्धिविनायक सांगतो. "काय खाल्लेत?" म्हटले की उत्तर येते, "खाल्ले कुठेतरी, उभ्याउभ्या." आमची तक्रार आहे ती या उभ्याउभ्याबद्दल.

आम्हीही मुंबईत पुष्कळ उभे राहिलो आहोत. चौदाव्या वर्षी एका हॉटेलाच्या मोरीवर कपबशा विसळीत होतो. पहाटे पाचला मोरी, रात्री अकराला मोरी, आणि गिऱ्हाइके गेल्यावर त्यांच्याच टेबलांवर झोप. पुड्यांचे कागद वाचूनवाचून अक्षर पक्के झाले, ती आमची शाळा. कॉफीचा वास दिवसभर नाकात असे. पण खुर्चीवर बसून, पैसे देऊन, कॉफी प्यालो ती पुढे सहा वर्षांनी. त्या दिवशी कपाला हात लावताना मागून कोणी हाक मारील असे सारखे वाटत होते.

तेव्हा सुट्टीत निवांत बसून खाणे ही आमच्या लेखी चैन नाही. ती मिळवलेली गोष्ट आहे. मुंबईच्या गिरणीकामगाराला एकेकाळी आठवड्याची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन काढली, सभा भरवल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हॉटेलातल्या पोऱ्याला मात्र रविवार हाच सर्वांत जास्त कामाचा दिवस. तुमची-आमची सुट्टी त्याच्या पाठीवर पडते, हे बसताना ध्यानात असलेले बरे.

आता बसावे कुठे? सकाळी माटुंग्यास जावे. किंग्ज सर्कलच्या आसपास दक्षिणेकडच्या लोकांची जुनी वस्ती आहे आणि त्यांची खाणावळ-हॉटेलेही जुनी आहेत. स्टेशनाजवळचे रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचे. तेथे केळीच्या पानावर जेवण मिळते. पण दुपारच्या जेवणाआधी एक फिल्टर कॉफी घ्यावी आणि ती होते कशी ते समजून घ्यावे. पितळेचे किंवा स्टीलचे दोन डबे एकावर एक बसवलेले असतात. वरच्याच्या तळाला बारीक भोके. त्यात कॉफीची पूड घालून चकतीने हलकेच दाबतात आणि उकळते पाणी ओततात. पंधरा-वीस मिनिटे थेंबथेंब गळून खाली जो काळा अर्क साठतो तो डिकॉक्शन. त्यात कढत दूध आणि साखर घालून वाटी-पेल्यातून उंचावरून खालीवर करतात, म्हणजे फेस येतो व कॉफी पिण्याजोगी निवते. पुडीत पुष्कळदा चिकरी असते. हे एका झाडाचे भाजलेले मूळ. त्याने रंग आणि दाटपणा येतो, आणि पूडही स्वस्त पडते. घाई करणाऱ्याला ही कॉफी मिळतच नाही, कारण गळणाऱ्या थेंबाला घाई कळत नाही. आणखी एक: चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांत अरेबिका कॉफीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत चालते. आपली सुट्टी तो तेथल्या मजुरिणींचा हंगाम.

दुपारी कोणी गिरणगावात, लालबाग-परळकडे गेला तर त्याने खाणावळीची चौकशी करावी. रत्नागिरीकडचे हजारो गडी बायको-पोरे गावी ठेवून तिकडच्या गाळ्यांतून राहिले. त्यांना भाकरी-कालवण घातले ते त्या वस्तीतल्या बायांनी, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत. वाण्याकडून उधार आणि सावकाराकडून व्याजाने, अशी त्यांची चूल पेटे. कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२च्या संपाने गिरण्यांबरोबर कित्येक खाणावळीही बसल्या. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कितीजण त्या भाकरीवर जगले, याचा हिशेब लांज्यात घरोघर निघेल.

कॉफीची खरी गोष्ट मात्र चर्चगेटची. मंदीच्या काळात कॉफीचे भाव कोसळले. मळेवाल्यांचा माल देशातच खपावा म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली तेथे इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे ही हॉटेले कॉफी बोर्डाकडे आली आणि शहरोशहरी निघाली. १९५०नंतरच्या दशकात बोर्डाने ती बंद करावयाचे ठरवले; वाढप्यांवर, आचाऱ्यांवर बेकारी आली. त्यांची युनियन होती. पुढारी ए. के. गोपालन यांनी सांगितले, हॉटेले तुम्हीच चालवा. १९५७ साली बंगलोरला कामगारांची पहिली सहकारी संस्था निघाली, त्याच वर्षी दिल्लीस इंडियन कॉफी हाउस उघडले, १९५८ साली त्रिचूरला. संस्थेचे सभासद कामगारच, आणि कारभारी मंडळ त्यांनीच निवडलेले. सगळीकडे हे सुरळीत चालले असे मुळीच नाही. काही शाखा तोट्यात बुडाल्या, आपसांत भांडणेही झाली. पण मालकावाचून हॉटेल चालत नाही, हे आम्ही मोरीवर ऐकलेले वाक्य तेथे खोटे पडले.

मुंबईत चर्चगेटचे ते कॉफी हाउस आज सापडायचे नाही. म्हणून एका डिसेंबरात, युनियनच्या कामाला तिरुवनंतपुरमला गेलो असता, आम्ही मुद्दाम तेथल्या एस.टी. स्टँडाजवळच्या कॉफी हाउसात गेलो. लॉरी बेकर यांनी बांधलेली ती विटांची इमारत गोल जिन्यासारखी वर चढत जाते आणि चढाच्या कडेने टेबले मांडलेली. बीट घातलेले कटलेट खाल्ले, कॉफी मागवली. डोक्यावर तुरेदार पागोटे, कमरेला रुंद पट्टा, अशा वाढप्याने ती आणून दिली. थोड्या वेळाने त्याची पाळी संपली. त्याने पागोटे उतरून ठेवले, स्वतःसाठी एक कप आणला आणि आमच्या शेजारच्या टेबलाशी बसून, सावकाश, फुंकर घालीत प्यायला. मागून कोणी हाक मारली नाही.