दुधांतील अदृश्य जंतूंचा माग

गाईम्हशींच्या कासेला होणारा दाह दूधदुभतें बाळगणाऱ्या घरांस नवा नाहीं. कास सुजून टणक होते, जनावर हात लावूं देत नाहीं आणि दुधांत गुठळ्या येऊं लागतात. गोठ्यांतील भाषेंत या विकारास ‘दगडी’ असें मोठें समर्पक नांव आहे. परंतु पुष्कळदां रोग आंत घर करून असतो, तरी कास मऊच राहते व दूधहि दिसावयास निर्मळ असतें. अशा वेळीं त्या दुधांत कोणता जंतु आहे हें निश्चित कळणें फार अगत्याचें होऊन बसतें. जनावराला औषध कोणतें द्यावयाचें, त्याला कळपापासून वेगळें ठेवावयाचें कीं काय आणि त्याचें दूध घरांत घ्यावयाचें कीं नाहीं, हें सर्व त्या एका उत्तरावर अवलंबून असतें.

या उत्तराची जुनी वाट म्हणजे जंतु वाढवून पाहणें. दुधाचा थेंब पोषक द्रव्याच्या थरावर पसरून तो उबदार पेटींत 24 ते 48 तास ठेवतात. जंतूंचे ठिपके उमटले कीं त्यांवरून जात ओळखतात. ही रीत उत्तम खरी, पण कित्येक नमुन्यांत कांहींच उगवत नाहीं. जंतु संख्येनें थोडे असतात किंवा आधीं दिलेल्या औषधानें ते निर्जीव झालेले असतात. अशा ठिकाणीं आजची प्रयोगशाळा जंतूला वाढावयास न लावतां त्याच्या अंगांतील डी. एन्. ए. हें द्रव्य बाहेर काढते. जातीजातीची आनुवंशिक लक्षणें याच द्रव्यांत जणूं लिहून ठेवलेलीं असतात. ती लिपि वाचतां आली म्हणजे मालकाची ओळख पटते.

पुवांत सांपडलेलें द्रव्य

हें द्रव्य प्रथम वेगळें केलें गेलें तें 1869 सालीं, जर्मनींतील ट्युबिंगेन येथें. फ्रीडरिख मीशर या तरुण स्विस शास्त्रज्ञानें रुग्णालयांतील वापरलेल्या पट्ट्या आणून त्यांवरील पुवांतल्या पांढऱ्या पेशी धुऊन काढल्या, पेप्सिन या पाचकद्रव्यानें त्यांतील प्रथिनें पचविलीं आणि उरलेल्या पेशीकेंद्रांतून एक नवाच पदार्थ हातीं आणला. त्यास त्यानें ‘न्यूक्लिन’ असें नांव दिलें. आनुवंशिकतेचें बीज याच पदार्थांत आहे, हें मात्र एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांच्या 1944 च्या प्रयोगांनीं पुढें आलें. योगायोग असा कीं, दाह झालेल्या कासेंतून दुधांत उतरतात त्या पेशीहि बहुतांशीं पांढऱ्याच. धुणें, फोडणें, प्रथिनें दूर सारणें व द्रव्य वेगळें करणें हा मीशरचा क्रम अद्यापि मोडलेला नाहीं.

आरंभ गोठ्यांत

नमुना बिघडला तर पुढील सर्व श्रम व्यर्थ होत. म्हणून सड धुऊन कोरडे करतात, पहिल्या कांहीं धारा टाकून देतात, सडाचें टोंक मद्यार्काच्या बोळ्यानें पुसतात आणि मगच निर्जंतुक नळींत धार घेतात. नळी बर्फांत ठेवून प्रयोगशाळेस पोंचवितात. हाताचा, वासराच्या लाळेचा किंवा गोठ्यांतील धुळीचा जंतु आंत शिरला, तर त्याचीच इमानेंइतबारें नोंद होईल आणि दोष मात्र बिचाऱ्या गाईच्या माथीं येईल.

दुधाचाच अडसर

दुधाचे जे गुण आपण वाखाणतों तेच येथें आड येतात. स्निग्धांश व केसीन हें प्रथिन जंतूंना लपेटून बसतात. कॅल्शियम पुढील रासायनिक क्रियेस खीळ घालतें. नळी यंत्रांत वेगानें फिरविली म्हणजे वर साय, मध्यें निवळ दूध आणि तळाशीं जंतु व पेशी यांचा सांका असे तीन थर पडतात. परंतु केवळ तळाचा सांका घेऊन भागत नाहीं. बरेच जंतु स्निग्धकणांस चिकटून सायीबरोबर वर जातात. म्हणून दक्ष कार्यकर्ता साय फेंकून देत नाहीं. ई. डी. टी. ए. नांवाचें द्रव्य मिसळलें कीं तें कॅल्शियमला धरून ठेवतें, केसीनचे कण विस्कटतात आणि अडकलेले जंतु मोकळे होतात.

आतां जंतूचें कवच फोडावयाचें. कांहीं जातींस अंड्याच्या पांढऱ्या भागांत विपुल असणारें लायसोझाइम पुरतें. परंतु दगडीचा एक प्रमुख कर्ता जो स्टॅफिलोकोकस ऑरियस, तो त्यास दाद देत नाहीं. त्याच्यासाठीं लायसोस्टॅफिन वापरतात किंवा अतिसूक्ष्म कांचगोळ्यांसह नळी जोरानें घुसळतात. नंतर दुसऱ्या पाचकद्रव्यानें प्रथिनें विरघळवून थंड मद्यार्कानें डी. एन्. ए. साकळवितात किंवा सिलिकाच्या पातळ थरावर तें अडकवून धुऊन घेतात.

येथेंहि एक पेंच राहतोच. गाईच्या एका पेशींत अशा सुमारें दोन हजार जंतूंइतका डी. एन्. ए. असतो! रोगट दुधांत या पेशी लाखांनीं असतात. तेव्हां हातीं आलेल्या द्रव्यांत गाईचा वाटा फार मोठा व जंतूचा अत्यल्प. कॅरी मुलिस यांनीं 1983 मध्यें शोधलेली पी. सी. आर. ही युक्ति येथें उपयोगी पडते. ती केवळ जंतूच्याच ठराविक तुकड्याच्या प्रती काढते. दर फेरींत संख्या दुप्पट होत गेली, तर तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. या शोधाबद्दल त्यांस 1993 सालीं नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

उत्तर वाचतांना

जेथें एकाचे कोटी होतात, तेथें चुकून आलेल्या एका कणाचेहि कोटी होतात. यासाठीं दुधाऐवजीं शुद्ध पाण्याची एक नळी सर्व क्रियांतून बरोबरीनें नेतात. तींत जंतु ‘सांपडले’, तर दोष गोठ्याचा नसून प्रयोगशाळेचा! दुसरें असें कीं, मेलेल्या जंतूचा डी. एन्. ए. देखील मागें उरतो. म्हणून ‘जंतु आढळला’ याचा अर्थ ‘जंतु जिवंत आहे’ असा होत नाहीं. या दोन गोष्टी न जाणतां निर्णय घेतला, तर निरोगी दुभतें जनावर फुकट विकलें जावयाचें.

योग्य निदानाचा लाभ मात्र थोर आहे. कांहीं जंतूंनीं झालेला सौम्य दाह प्रतिजैविक औषधावांचूनहि बरा होतो. तेथें औषध वाचतें. औषधाचे अंश दुधांत उतरले तर विरजण नीट लागत नाहीं, हेंहि गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्या घरीं दूध उकळण्याची चाल आहे, आणि ती सर्वथा योग्य आहे. क्षयाचे व इतर पुष्कळ रोगांचे जंतु तिनें मरतात. परंतु दूध बराच वेळ कोमट राहिलें, तर स्टॅफिलोकोकस त्यांत जें विष सोडतो तें नंतरच्या उकळीसहि पुरून उरतें. यास्तव दूध घरीं येतांच तापवावें व लवकर निववून थंड जागीं ठेवावें. कासेंत गांठ किंवा दुधांत गुठळी दिसल्यास तें दूध पोटांत न घेतां पशुवैद्यास दाखवावें. प्रयोगशाळेचें काम तेथून पुढें. डोळ्यांचें व हातांचें काम आपलेंच आहे.