ध्वनिक्षेपक आणि त्याचा जोडीदार

निरवांगीच्या शिवारांत नीरेचें पाणी उसाला चढविणाऱ्या शेतकऱ्यास विजेची मोटर कशी निवडावी हें कोणी शिकवावें लागत नाहीं. पाणी किती उंच न्यावयाचें व नळ किती लांब, हें पाहूनच तो मोटर घेतो. ओझें बेताबाहेर गेलें कीं गुंडाळी जळते, हें तो पुरतेपणीं जाणतो. तोच गृहस्थ गाणें ऐकण्यासाठीं भारी किंमतीचे ध्वनिक्षेपक, म्हणजे स्पीकर, घरीं आणतो, तेव्हां त्यांस चालविणाऱ्या ॲम्प्लिफायरचा विचार मात्र दुकानदारावर सोंपवितो. वास्तविक येथेंहि प्रश्न ओझ्याचाच आहे.

ध्वनिक्षेपकाच्या पाठीवर ८ ओहम असा आंकडा छापलेला असतो. तो केवळ नांवाचा. सूर बदलेल तसा विजेला होणारा विरोधहि बदलतो. तो एका सुराला ३० ओहमांवर चढेल, तर दुसऱ्याला ३ ओहमांवर उतरेल. विद्यार्थ्यांनीं येथें हिशेब करून पाहावा. दाब २० व्होल्ट धरला तर ८ ओहमांतून अडीच अँपिअर प्रवाह वाहतो व ५० वॅट शक्ति लागते. विरोध २ ओहम झाला कीं त्याच दाबाला १० अँपिअर व २०० वॅट लागतात. इतका प्रवाह पुरविण्याची तयारी लहान ॲम्प्लिफायरमध्यें नसते. तो तापतो, आणि गाणें ऐन भरांत आलें असतां आवाज फाटूं लागतो.

या बाबतींत अत्यंत हट्टी म्हणजे विद्युत्स्थितिक ध्वनिक्षेपक. त्यांत कागदी शंकूऐवजीं दोन सच्छिद्र पत्र्यांमध्यें ताणलेला अतिशय पातळ पडदा कांपतो. इंग्लंडांत पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीनें १९५७ सालीं असा ध्वनिक्षेपक विक्रीस आणला. त्याचा विरोध अगदीं उंच सुरांना २ ओहमांच्याहि खालीं जातो. उलट दाब मर्यादेबाहेर दिला तर आंत ठिणगी पडून पडदा निकामी होतो. अशक्त जोडीदार चालत नाहीं आणि दांडगाहि चालत नाहीं! आपल्या पुण्यांतहि कॅडेन्स या संस्थेनें असे पडदे व खर्जासाठीं शंकू यांचा संयोग करून ध्वनिक्षेपक बनविले, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची. जत्रेंतला कर्णा एका वॅटला, एक मीटर अंतरावर, १०० डेसिबेलांहून अधिक आवाज देतो. घरगुती ध्वनिक्षेपक बहुधा ८५ ते ९० च देतो. तीन डेसिबेल वाढविण्यास दुप्पट शक्ति लागते, दहा वाढविण्यास दसपट. म्हणून कर्ण्याच्या गोंगाटावरून घरच्या यंत्राचा अंदाज बांधूं नये.

लहान ॲम्प्लिफायर मोठ्या ध्वनिक्षेपकास इजा करूं शकत नाहीं, ही समजूत पालकांनीं मनांतून काढून टाकावी. शक्ति अपुरी पडली कीं ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. त्यांतून नको ते उंच सूर निर्माण होतात, व बारीक सुरांच्या लहान ध्वनिक्षेपकाची नाजूक गुंडाळी जळून जाते.

आतां उगमाकडे वळूं. १९८२ सालीं आलेल्या सीडीचें यंत्र साधारण २ व्होल्ट देतें. तबकडीवरील सुईकडून येतात ते व्होल्टचे कांहीं हजारांश मात्र. ती सुई साध्या खांचेंत जोडली तर आवाज क्षीण व खर्जहीन येतो; तिच्यासाठीं वेगळा पूर्ववर्धक हवा. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाई केरकर यांचें गाणें असलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळांत गेली. तिच्यासोबत सुई व तिचें कार्ट्रिजहि पाठविलें आहे. परक्या श्रोत्यांनीं भलतीच सुई लावूं नये, एवढी काळजी त्या शास्त्रज्ञांनीं घेतली!

ज्यांना खरेदी करावयाची असेल त्यांनीं आधीं ध्वनिक्षेपक निवडावा व मग त्याचा जोडीदार. दुकानांत छापील ओहम न विचारतां किमान ओहम विचारावे, ४ ओहमांवर ॲम्प्लिफायर किती वॅट देतो हें पाहावें, आणि स्वतःची ओळखीची तबकडी नेऊन अर्धा तास तरी मोठ्या आवाजांत ऐकावी. मग ॲम्प्लिफायरच्या पाठीवर हात ठेवून पाहावा.