व्हिडिओची सूची संगणक कशी करतो?

जुन्या बातम्यांच्या टेपा, सभांचं चित्रीकरण, लोककलावंतांच्या मुलाखती, मूकपटांची रिळं. हे सगळं एकदा डिजिटल झालं की पुढची सूची संगणक आपोआप करेल, असं अनेक संस्थांमध्ये धरून चालतात. सूचीचा बराचसा भाग तो करतोही, आणि ते मोठंच काम आहे, कारण नोंद नसलेली चित्रफीत असून नसल्यासारखी असते. पण तो नेमका कुठला भाग करतो, याबद्दल काही समजुती पक्क्या बसल्या आहेत.

गैरसमज : संगणक माणसासारखा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो.

आपल्याकडच्या टीव्हीचा जुना हिशेब सेकंदाला २५ चौकटींचा, म्हणजे तासाला ९० हजार. शेजारशेजारच्या चौकटी बहुतेक एकसारख्या असतात, त्यामुळे सगळ्या तपासण्यात अर्थ नसतो. म्हणून आधी शॉट कुठे बदलला ते शोधतात. त्याची जुनी आणि अजून वापरात असलेली रीत अशी : प्रत्येक चौकटीत कोणता रंग किती, उजेड किती, याची मोजदाद करायची आणि ती पुढच्या चौकटीशी ताडून पाहायची. फरक एकदम वाढला की तिथे कट. मग प्रत्येक शॉटमधून एक-दोन प्रातिनिधिक चौकटी निवडायच्या. माणसं, वस्तू, जागा ओळखण्याचं पुढचं काम बऱ्याचदा त्या निवडक चौकटींवरच चालतं.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने २००१ पासून व्हिडिओ-शोधाच्या खुल्या चाचण्या सुरू केल्या. ‘ट्रेकव्हिड’ नावाने त्या ओळखल्या जातात. शॉटची हद्द शोधणं हा त्यातला अगदी सुरुवातीचा विषय होता. सरळ कट यंत्रांना चांगले जमले, हळूहळू होणारे बदल जड गेले. पत्रकार परिषदेत कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडतात तेव्हा उलटा घोटाळा होतो : शॉट तोच असतो, पण उजेड एकदम वाढल्याने यंत्राला तिथे कट दिसतो.

फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाची (१९१९) सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लहानगी मंदाकिनी फाळके साध्या वेशात, कॅमेऱ्याकडे तोंड करून चेहऱ्यावर वेगवेगळे भाव आणते. मग तोच चेहरा विरघळत विरघळत कृष्णाच्या वेशात प्रकटतो. इथे कुठलीही चौकट तिच्या पुढच्या चौकटीपेक्षा फार वेगळी नाही. फरकाची मर्यादा खाली आणावी, तर जुन्या प्रिंटवरचे ओरखडे आणि थरथर कट म्हणून मोजले जातात. वर न्यावी, तर हा बदलच निसटतो. आजच्या, उदाहरणांवरून शिकणाऱ्या पद्धती आधीच्यांपेक्षा पुष्कळ सरस आहेत, पण त्याही असल्या जुन्या फिल्मवर शिकलेल्या असतीलच असं नाही. समजा, बदल बरोबर सापडला. मूकपटातल्या पाटीवरची अक्षरंही यंत्राने वाचली. तरी नोंद होईल ती ‘मूल, चेहरा, मुकुट’ अशी. ही फाळक्यांची स्वतःची मुलगी आहे, हे चित्रात कुठेच नाही. ते आपल्याला चित्रपटाच्या इतिहासातून कळतं आणि सूचीत कुणीतरी लिहावं लागतं.

गैरसमज : यूट्यूबवर शोधलं की सापडतं, म्हणजे आतलं दृश्य यंत्राला कळलं.

शोधात शीर्षक, वर्णन आणि उपशीर्षकं यांचा वाटा मोठा असतो. आणि २००७ पासून चालू असलेली यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा हक्कधारकांनी जमा केलेल्या मूळ फायलींच्या डिजिटल ठशांशी नव्या व्हिडिओचा ठसा जुळवते. जे जमा केलेलंच नाही, ते तिला ओळखता येत नाही.

गैरसमज : हालचाल ओळखता आली, म्हणजे क्रिया समजली.

‘कायनेटिक्स’ हा संशोधकांचा प्रसिद्ध व्हिडिओसंच २०१७ मध्ये आला : माणसाच्या ४०० क्रिया, साधारण दहा-दहा सेकंदांच्या क्लिपा. अशा संचांवर शिकलेली यंत्रं पुष्कळदा हालचालीपेक्षा पार्श्वभूमीवरच विसंबतात. निळं पाणी आणि पट्टे दिसले की पोहणं. दार उघडतंय की लागतंय, हे मात्र एका चौकटीवरून सांगता येत नाही. त्यासाठी चौकटींचा क्रम समजावा लागतो. शिवाय ठरावीक यादीवर शिकलेलं यंत्र यादीतलंच उत्तर देतं. यादीत लेझीम नसेल, तर शाळेच्या मैदानावरची लेझीम ‘नृत्य’ किंवा ‘व्यायाम’ म्हणून नोंदली जाईल आणि लेझीम शोधणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही. २०२१ मध्ये आलेल्या ‘क्लिप’सारख्या प्रारूपांनी (मॉडेलांनी) ही अडचण सैल केली. ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकल्यामुळे त्यांना मोकळ्या वाक्यातही विचारता येतं. पण इंटरनेटवर ज्याची चित्रं थोडी, त्याची ओळखही कच्चीच राहते.

गैरसमज : चित्र नाही तर नाही, बोलणं तरी अचूक उतरतं.

‘व्हिस्पर’ हे बोलणं लिहून काढणारं २०२२ चं प्रारूप ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकलं. त्यातले सुमारे १ लाख १७ हजार तास इंग्रजी सोडून इतर ९६ भाषांचे मिळून. मराठी त्यातलीच एक. मग मालवणी किंवा अहिराणीत रंगलेल्या मुलाखतीत, तेही जुन्या टेपेवरच्या, शब्द गळणार हे उघड आहे. याहून घातक गोष्ट म्हणजे शांतता असेल तिथे हे प्रारूप कधीकधी न बोललेली वाक्यं लिहून टाकतं. गळलेला शब्द निदान शंका तरी निर्माण करतो; रचलेलं वाक्य खरं म्हणूनच वाचलं जातं.

गैरसमज : यंत्राने ९५ टक्के म्हटलं, म्हणजे खात्रीच.

तो आकडा यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. प्रत्यक्षातली चूक वेगळी मोजावी लागते आणि ती सगळ्यांच्या बाबतीत सारखी नसते. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या तीन व्यावसायिक यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. आपल्या संग्रहांतले चेहरे बहुतांशी कोणत्या वर्णाचे आहेत, हे सांगायला नको.

म्हणून सूचीच्या तक्त्यात यंत्राची नोंद आणि माणसाची नोंद यांचे रकाने वेगळे हवेत. यंत्राच्या नोंदीपुढे दृश्याची वेळ, प्रारूपाचं नाव आणि आवृत्ती असावी, म्हणजे उद्या चांगलं प्रारूप आलं की तेवढाच भाग पुन्हा करता येईल. शेजारी ‘कोणी तपासलं, कधी’ हा रकाना. तो रिकामा असेल तर शोधणाऱ्यालाही रिकामा दिसावा. आणि मुलाखत देणारे, चित्रीकरण करणारे हयात आहेत तोवर त्यांना समोर बसवून नावं, गाव, प्रसंग लिहून घ्यावेत. शॉट मोजायचं काम दहा वर्षांनीही करता येईल, हे करता येणार नाही.