तीन देशांचा एक ग्रंथ

सचित्र ग्रंथ हातीं घेतला कीं आपण चित्रें पाहतों, मजकूर वाचतों. त्या दोहोंचें एकमेकांशीं पटतें कीं नाहीं, हें सहसा पाहत नाहीं. जर्मनींतील वायमार येथील क्रानाख छापखान्यांतून १९२६ सालीं व्हर्जिल या रोमन कवीच्या दहा गोपगीतांचा ग्रंथ निघाला. त्याच्या कर्त्यांना मात्र याच प्रश्नानें वर्षानुवर्षें पछाडलें होतें.

छापखान्याचे मालक काउंट हॅरी केस्लर. वडील हॅम्बुर्गचे पेढीवाले, आई अँग्लो-आयरिश, जन्म १८६८ सालीं पॅरिसांत. शिक्षण फ्रान्स, इंग्लंड व जर्मनी या तिन्ही देशांत. अशा गृहस्थास एकाच देशाचे कारागीर कसे पुरावेत? चित्रांसाठीं त्यांनीं फ्रेंच शिल्पकार आरिस्तीद माय्योल यांस गांठलें. आद्याक्षरें लाकडांत कोरण्याचें काम इंग्रज कारागीर एरिक गिल यांजकडे दिलें. खिळ्यांचें वळण एमरी वॉकर यांच्या देखरेखीखालीं एडवर्ड प्रिन्स यांनीं कोरलें, दोघेही इंग्रज. कागदसुद्धां बाजारचा नव्हता. माय्योल यांच्या पुतण्यानें पॅरिसजवळ तो हातानें बनविला.

आतां यांतील मेख पाहा. लाकडी ठशाचा जो भाग उंच राहतो तोच शाई घेतो. खोदलेली जागा पांढरी उमटते. शिशाच्या खिळ्याचेंही तसेंच. म्हणून ठसा खिळ्याच्या उंचीचा केला कीं दोन्ही एकाच चौकटींत आवळून एकाच दाबानें छापतां येतात. तांब्याच्या पत्र्यावर खोदलेल्या चित्राची गोष्ट उलट. तेथें शाई खांचेंत राहते व यंत्रही निराळें लागतें. परंतु एकत्र छापलें म्हणजे एकजीव झालें, असें नव्हे. रेषा अक्षरापेक्षां जाड झाली तर चित्र पानावर बसकण मारतें. बारीक झाली तर फिकें पडतें. माय्योल यांनीं छायेचा मोह सोडला. त्यांच्या मेंढ्या, वृक्ष, विवस्त्र स्त्रिया, पांवा वाजविणारे गोप, सारीं एका संथ रेषेंत उभीं आहेत, आणि ती रेषा शेजारच्या अक्षरांना शोभेल इतक्याच जाडीची आहे. आद्याक्षरांत तर एकाच चौकोनांत दोघांचें काम दिसतें: अक्षर गिल यांचें, भोंवतालची वेलबुट्टी माय्योल यांची. मला स्वतःला मोठ्या चित्रांपेक्षां हे लहान चौकोनच अधिक आवडतात.

छपाईस आरंभ झाला १९१४ सालीं, आणि त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. केस्लर जर्मन सैन्यांत गेले. तिकडे फ्रान्समध्यें जर्मनाचा स्नेही म्हणून माय्योल यांजवर संशयाची दृष्टि वळली. काम थांबलें. व्हर्जिलच्या पहिल्याच गीतांत मेलिबीअस नांवाचा गोप आपल्या शेजाऱ्याचा निरोप घेतो. यादवी युद्धानंतर त्याची जमीन शिपायांच्या घशांत गेलेली असते. तें गीत छापूं पाहणारे हात आतां शत्रुराष्ट्रांत विभागले होते.

छपाई पुन्हा सुरू होण्यास १९२५ साल उजाडलें. मूळ लॅटिनच्या जोडीला जर्मन भाषांतर देऊन एक आवृत्ति निघाली, फ्रेंच देऊन दुसरी, आणि १९२७ सालीं इंग्रजी देऊन तिसरी. भाषा बदलली, ठसे तेच राहिले.

१९३३ सालीं नाझी सत्तेवर आले तेव्हां केस्लर यांनीं जर्मनी सोडली. छापखाना त्यापूर्वींच बंद पडला होता. १९३७ सालीं फ्रान्समध्यें, परागंदा स्थितींत, त्यांचा अंत झाला.